मदत हवी आहे: दिवाडी बेटावर १८ किलोमीटर धावायचं आहे, रस्ता सुचवा

घामाघूम:

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पणजीला मावशीकडे चाललेय. जानेवारीत हाफ मॅरेथॉन आहे, आणि सरावाच्या तक्त्यात १८ किलोमीटरचा लाँग रन नेमका त्याच रविवारी येतोय. मागच्या खेपेला मिरामार ते दोना पावला असा रस्ता तीनदा घासला. समुद्र सुंदर आहे, पण तिसऱ्या फेरीला तोच नारळवाला तिसऱ्यांदा हसला तेव्हा माझा धीर सुटला.

या वेळी बेटावर धावायची हौस आहे. दिवाडी किंवा चोडण. फेरीबोटीने जायचं, बेटाला कडेकडेने एक पूर्ण चक्कर मारायची आणि परत यायचं, असं डोक्यात आहे. उपग्रहाच्या नकाशावर दिवाडीच्या काठाने एक बारीक रेघ जवळजवळ सगळीकडे दिसते. तो रस्ताच आहे ना? सकाळची फेरी किती लवकर मिळते? आणि कुत्री? (पुण्यात एकदा पोटरीला चावा आणि पाच इंजेक्शनं झालीत, त्यामुळे हा प्रश्न हौसेचा नाही.) मावशी म्हणते, दिवाडीला जातेच आहेस तर सप्तकोटेश्वराला नमस्कार करून ये. धावता धावता जमेल का?

मांडवीकाठ:

घामाघूमताई, पहिलं म्हणजे ती चक्कर डोक्यातून काढा. तुम्हाला नकाशावर दिसतेय ती रेघ म्हणजे खाजणाचा बांध. रस्ता नव्हे. बेटाचा मधला भाग उंच, तिथे घरं, देवळं, चर्च. भोवतीची शेतं भरतीच्या पाण्याच्या पातळीहून खाली. मांडवीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून हे मातीचे बांध घातलेले. कुठे दोन माणसं जोडीने चालतील इतके रुंद, कुठे एकच पाऊल मावेल इतके, आणि मध्येच मानस (बांधातलं पाण्याचं दार) आली की खाली पाणी.

दुसरं, दिवाडीला पूल नाही. जाणं-येणं फेरीनेच, आणि धक्के तीन: रायबंदरकडचा, जुने गोव्याकडचा आणि पलीकडे डिचोलीच्या अंगाला नार्व्याचा. जिथून चढलो तिथेच परत यायला हवं असं कुणी सांगितलंय? एका धक्क्यावरून आत शिरा, दुसऱ्यावरून बाहेर पडा.

पणजीत राहताय तर सुरुवात दारातूनच करा. पाटो पुलावरून रायबंदरचा जुना बांधरस्ता धरा. हा पोर्तुगीजांनी १६३४च्या सुमारास बांधलेला, तीन किलोमीटरहून थोडा जास्त, तळहातासारखा सपाट. एका हाताला मांडवी, दुसऱ्या हाताला मिठागरं आणि खारफुटी. फक्त तिथे वाहनं जोरात असतात, म्हणून समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने, म्हणजे उजवीकडून धावा आणि अंगावर काहीतरी चमकणारं असू द्या. पाटो ते रायबंदर धक्का चार-साडेचार किलोमीटर होतं. तिथून फेरी. पायी माणसाला तिकीट नाही.

पलीकडे उतरलात की सां मातियस गावावरून पिएदाद गावात. पिएदादहून नार्व्याच्या धक्क्याच्या दिशेने जायचं आणि घड्याळात जेवढे किलोमीटर हवेत तेवढे झाले की मागे वळायचं. तुमची बेरीज-वजाबाकी सगळी त्या एका तुकड्यावर. परत पिएदाद, आणि उतरून जुने गोव्याचा धक्का. हा शेवटचा तुकडा सगळ्यात देखणा: दोन्हीकडे शेतं, बगळे, आणि समोर नदीपलीकडे जुने गोव्याच्या चर्चांचे मनोरे. पलीकडे उतरलं की व्हाइसरॉयच्या कमानीखालून चालत वर या, पणजीची बस मिळते.

बारका इशारा: रायबंदरहून चोडणचीही फेरी सुटते. मी एकदा कानात गाणी घालून भलत्याच फेरीत चढलो आणि चोडणला जाऊन धावून आलो. वाईट नव्हतं म्हणा.

खारबांध:

वरचं सगळं बरोबर. बांधाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण हल्ली बांधावर धावणारे वाढलेत आणि आमच्यासारख्यांच्या पोटात गोळा येतो.

मानस म्हणजे बांधातली लाकडी दारं. भरतीला बाहेरचं पाणी रेटतं आणि दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं. वीज नाही, मोटर नाही. पावसाळ्यात आतल्या जमिनीतला खारटपणा धुऊन निघतो आणि कोरगुटसारखा खारं सोसणारा भात येतो. बांध म्हणजे चिखल, गवत आणि कुठे कुठे चिऱ्याचे दगड. खेकडे आधीच आतून पोखरत असतात. त्यावर रोज चार बूट एकाच जागी आपटले की माथा खचतो, आणि एक भगदाड पडलं की खारं पाणी शेतात. मग ती जमीन दोन-तीन वर्षं हाताला लागत नाही. तुम्ही कोकणात खारलँड बघितली असेल, तसंच.

चालत जा, उभ्या राहा, फोटो काढा, कुणी काही म्हणणार नाही. धावायला डांबरी रस्ता आहे.

सप्तकोटेश्वराचं मावशींना सांगा की देव आता बेटावर नाही. कदंबांच्या काळातलं मूळ देऊळ दिवाडीवर होतं, ते पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात पाडलं. लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या नार्व्यात नेलं, आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला. दर्शन घ्यायचं तर नार्व्याच्या फेरीने पलीकडे जावं लागेल. मावशींना घेऊन दुपारी गाडीने जा, घामाने निथळत गाभाऱ्यासमोर उभं राहण्यापेक्षा बरं.

लोकलचाडबा:

एवढा खटाटोप कशाला? मुंबईवरून जाताना घारापुरी करा की. बेट पण, लेणी पण.

मांडवीकाठ:

घारापुरीला पहिली बोट गेटवेहून नऊच्या सुमारास. डोक्यावर ऊन घेऊन, टोप्या विकणाऱ्यांच्या रांगेतून १२० पायऱ्या चढायच्या. पर्यटकाला रात्री मुक्काम करता येत नाही, म्हणजे पहाटेचा प्रश्नच मिटला. तिथे लेणी बघायला जावं. धावायला बेटच हवं आणि गोवा नको असेल तर दीव. दीव गावातून जालंधरच्या किनाऱ्यावरून नागव्याकडे जाणारा किनाऱ्याचा रस्ता रुंद आहे, सकाळी मोकळा असतो, एका बाजूने सात किलोमीटरच्या आसपास.

घामाघूम:

बापरे, बांधाचं हे काहीच माहीत नव्हतं. मी तर ट्रेलचे बूट भरत होते! ते आता पुण्यातच राहतील. कुत्र्यांचं राहिलं सांगायचं.

खारबांध:

आहेत. घराच्या फाटकातली भुंकतात, फाटक ओलांडून फारशी येत नाहीत. आलीच तर धावणं थांबवा, चाला, नजर रस्त्यावर ठेवा. रविवारी चर्चमध्ये मिसेला (प्रार्थनेला) जाणारी माणसं रस्त्यावर असतात, ते एका परीने चांगलं. वाडीतून जाताना वेग कमी करा आणि दिसेल त्याला ‘देव बरो दीस दिवूं’ म्हणा. निम्मी कुत्री तेवढ्यानेच गप्प बसतात, कारण मालक हात वर करतो.

पाणी स्वतःचं घ्या. इतक्या सकाळी दुकान उघडं असेलच असं नाही. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, नऊनंतर दमट उकाडा सुरू होतो. पुण्याच्या थंडीतून येताय, पहिले पाच किलोमीटर हळू घ्या.

घामाघूम (आठ दिवसांनी):

झालं! १८.३. उशीर झाला लिहायला, मावशीने खाऊ घालून हलू दिलं नाही.

सव्वासहाला पाटोवरून निघाले. बांधरस्त्यावर अंधार होता आणि ट्रक फार जवळून जात होते, तो भाग मला आवडला नाही, खोटं कशाला सांगू. पुढच्या वेळी रायबंदरपर्यंत रिक्षाच करीन. धक्क्यावर तिघांना विचारून फेरीत चढले. लोखंडी फळी साखळ्यांवर खडखडत वर गेली, सगळे स्कूटरवाले गाड्यांवर बसूनच राहिले, आणि मी मधोमध उभी राहून मांड्या ताणत होते. एका आजीने विचारलं, ‘कोण पाठीक लागला गो?’

सां मातियसच्या पुढे उजाडलं. शेतं कापून झालेली, धसकटांवर दव, आणि खाली धुकं इतकं बसकं की बगळ्यांच्या फक्त माना वर दिसत होत्या. वाटेत एका ठिकाणी थांबून चालत बांधावर गेले. ओहोटी होती. मानशीचं दार बोटभर उघडं, आणि त्या फटीतून पाणी सुळकन बाहेर पडत होतं. एक माणूस जाळं सारखं करत बसला होता. त्याने माझ्या बुटांकडे पाहिलं, मी म्हटलं, धावत नाही हो, बघतेय. तो हसला.

पिएदादची टेकडी मात्र माझ्या नशिबात नव्हती. चर्चकडे चढायला लागले आणि पोटरीने गोळा दिला. खाली उतरून नार्व्याच्या रस्त्यावर हळू हळू पूर्ण केलं. टेकडी सुरुवातीला घ्यावी की शेवटी, यावर कुणी आधी बोललं नव्हतं, म्हणून सांगते: दुसऱ्या दिवशी घ्यावी.

कुत्री तीनच ठिकाणी. तिसरी टोळी खरंच मागे आली असती, पण तेवढ्यात पदेर (पाववाला) भोंपू वाजवत सायकलवरून आला आणि सगळी त्याच्याकडे वळली. मी त्याच्या सायकलच्या आडोशाने अर्धा किलोमीटर काढला. फुकट नको म्हणून चार पोया (इथले गोल पाव) घेतल्या. जुने गोव्याच्या फेरीत कठड्याला टेकून त्यातल्या दोन कोरड्याच खाल्ल्या, उरलेल्या दोन बसमध्ये मांडीवर. मावशी विचारतेय, सप्तकोटेश्वराला पुढच्या शनिवारी गाडी काढू का.