शब्दचर्चा : चॅट नेटवर्कच्या 'सर्व्हिसेस'ले मराठीत काय म्हनावं?

पऱ्हाटी :
राम राम मंडळी. आमच्या भागातल्या गावाईच्या वाचनालयासाठी आयआरसीचं (नुसत्या मजकुराच्या गप्पांची जुनी पद्धत) चॅट नेटवर्क उभं करून राह्यलो. जुना डेस्कटॉप धूळ खात पडला होता, त्याच्यावरच लिनक्स टाकलं, नुसता मजकूर असल्यानं रेंज नसली तरी कसंबसं चालते. सर्व्हर लागला, आता त्याच्यावर अनोप हे सर्व्हिसेसचं सॉफ्टवेअर बसवून राह्यलो म्हंजे निकसर्व्ह (नावाईसाठी), चॅनसर्व्ह (चॅनेलसाठी), मेमोसर्व्ह (माणूस नसताना मेसेज ठेवासाठी) हे सगळं. अनोपचे मेसेज भाषांतराच्या वेगळ्या फायलीत राह्यते, त्याच्यात मराठी भरायचं काम माह्याकडे आलं अन् पयल्याच शब्दाले अडकलो. "सेवा" लिहिलं तर वाचनालयातला पोट्टा म्हने, काहून भाऊ, कीर्तन ठेवलं का? इकडे सेवा म्हटलं का एक तं गुरुदेव सेवा मंडळ, नाही तं सेवा सहकारी सोसायटी. सांगा बाप्पा काय लिहू.

पोर्ट6667 :
शब्दाआधी हे पाहू की सर्व्हिसेस करते काय, नाही तर नुसता डिक्शनरीतला शब्द चिकटवला जाईल. आयआरसी 1988 मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ऑइकारिनेननं बनवलं, त्यात निक, म्हणजे चॅटमधलं नाव, कोणाच्याच मालकीचं नव्हतं. तुम्ही बाहेर पडले की दुसरा कोणी तेच नाव घेऊन बसू शकत होता, आणि चॅनेलमधून (गप्पांच्या खोलीतून) सगळे गेले की चॅनेलच संपलं, पुढं जो पहिला येईल तो ऑपरेटर, म्हणजे चॅनेल सांभाळणारा. 1993 च्या आरएफसी 1459 मध्ये, म्हणजे आयआरसीचे नियम लिहिलेल्या कागदात पण नाव राखून ठेवायची सोय नाही. एफनेट ह्या जुन्या आयआरसी नेटवर्कवर तर निकसर्व्ह अजूनही नाही. डालनेट हे दुसरं नेटवर्क 1994 मध्ये निघालं, त्यांच्यामुळं निकसर्व्ह-चॅनसर्व्ह ही पद्धत रुळली. म्हणजे हा प्रोटोकॉलचा भाग नाहीच, वरून लावलेला प्रकार आहे. अनोप तुमच्या सर्व्हरला दुसरा सर्व्हर म्हणून जोडला जातो आणि निकसर्व्ह वगैरे त्याच्यावर बसलेले खोटे यूजर असतात. काम काय, तर नोंद ठेवणं, हक्क तपासणं, आणि नोंदीप्रमाणं कारवाई करणं. ह्यात सेवा कुठंय?

मामातलाव :
मग सरळ दिवाणजी म्हणा की! आमच्या भंडाऱ्याकडे मालगुजाराचा दिवाणजी असे, वह्या त्याच्याजवळ, कोणाचं किती, कोण कुठं बसतो, सगळं त्यालाच ठाऊक. मालक स्वतः वाड्यात निजला असला तरी काम थांबत नसे. चॅनसर्व्ह तेच करतो, मालक ऑफलाइन असला तरी चॅनेल धरून बसतो.

पऱ्हाटी :
भाऊ तुमच्याकडे होते मालगुजार, आमच्या वऱ्हाडात रयतवारी होती, दिवाणजी फक्त गोष्टीतच आयकला. आमच्याकडे वही म्हटलं का पटवारी. सरकारनं तलाठी म्हटलं, आता तं ग्राम महसूल अधिकारी झाला, पन बुढे लोक अजून पटवारीच म्हनते.

मामातलाव :
मालगुजारी 1951 लाच गेली हो, मीही कुठं पाहिली, माझं नावच काय ते उरलंय, माजी मालगुजारी तलाव. पण पटवारी चालेल, हरकत नाही. फक्त पटवारी सरकारचा माणूस, आणि चॅनसर्व्ह चॅनेलच्या मालकाचं ऐकतो, एवढा फरक ध्यानात ठेवा.

मास्तरीणबाई :
दादा, फरक महत्त्वाचा आहे पण उलट्या बाजूनं. निकसर्व्ह मालकाचं ऐकतो ते नोंदीत तो मालक आहे म्हणून, पासवर्ड देऊन ओळख पटवली नाही तर मालकालाही तो ओळखत नाही. त्यामुळं मला पटवारीच बरोबर वाटतो, माझं मत पटवारीला. बाकी "सेवा" नको हे पक्कं. आणि "व्यवस्थापन सेवा" तर अजिबातच नको, ते वाचल्यावर लोक मेसेज न वाचता खिडकी बंद करतील, आमच्याकडे वरून येणारी परिपत्रकं अशीच बंद होतात.

पोर्ट6667 :
एक तांत्रिक अडचण सांगतो. अनोपच्या कॉन्फिगमध्ये निकसर्व्हचं नाव बदलता येतं, पण निकमध्ये देवनागरी साधारण चालत नाही, आरएफसीप्रमाणं इंग्रजी अक्षरं, आकडे आणि थोडी चिन्हं, आणि मूळ मर्यादा नऊ अक्षरांची. पटवारी रोमनमध्ये सात, दिवाणजी पण सातच, दोघंही बसतात, भांडण तसंच राहिलं :) तरी माझा सल्ला, निक बदलू नका. लोक दुसऱ्या नेटवर्कवर गेले की तिथं निकसर्व्हच टाइप करावं लागेल. मराठी फक्त मेसेजमध्ये ठेवा.

पऱ्हाटी :
पटलं. निक तेच ठेवतो, मदतीच्या मजकुरात "नोंद ठेवनारा पटवारी" असं एकदा लिहून देतो अन् पुढं सर्व्हिसेसच. आता दुसरं, मेमोसर्व्ह. मेमो म्हंजे मेमोच लिहू का?

मास्तरीणबाई :
नको!! "तुम्हाला एक मेमो आला आहे" असं स्क्रीनवर दिसलं तर निम्मे शिक्षक लॉगआउट होतील. मेमो म्हणजे कारणे दाखवा. एसटीच्या कंडक्टरला विचारा पाहिजे तर. "निरोप" लिहा.

मामातलाव :
निरोप म्हणजे रिटायरमेंटचा समारंभ, शाल-श्रीफळ.

मास्तरीणबाई :
"निरोप ठेवला आहे" म्हटलं की कोणी शाल शोधत नाही दादा. क्रियापद सोबत द्या, अर्थ आपोआप सरळ होतो.

पऱ्हाटी :
निरोप पक्का. अन् घोस्ट? आमच्याकडे लाइन गेली का राउटर बंद, माणूस गेला पन त्याचं निक सर्व्हरवर तसंच लटकून राह्यते. लाइन आल्यावर जोडाले गेलो का म्हनते हे नाव वापरात हाय. स्वतःचंच नाव अन् स्वतःलेच नाही.

पोर्ट6667 :
हो, सर्व्हर पिंग पाठवतो, उत्तर आलं नाही की काही वेळानं काढून टाकतो, तोपर्यंत ते लटकलेलं असतं. तेवढं थांबायचं नसेल तर घोस्ट कमांड. अनोप 2.0 मध्ये ते काम रिकव्हर कमांडकडे दिलंय, घोस्ट जुन्या सवयीसाठी आहे. "भूत" चालेल की, उलट मूळ अर्थापेक्षा चांगलं बसतं, माणूस गेला आणि नाव फिरतंय.

पऱ्हाटी :
"तुमच्या निकचं भूत काढलं." झकास हाय. गावात कोनाले समजावून सांगा नाही लागत.

पोर्ट6667 :
यू-लाइनचं, म्हणजे सर्व्हिसेसला जादा अधिकार देणाऱ्या सर्व्हरच्या कॉन्फिगमधल्या नोंदीचं, काय केलं? ते मेसेजमध्ये येत नाही पण तुमच्या सेटअपच्या कागदात लागेल. तुमचं सर्व्हरचं सॉफ्टवेअर अनरीअल आयआरसीडी असेल तर त्याच्या कॉन्फिगच्या लिंक ब्लॉकमधलं नाव आणि अनोपच्या कॉन्फिगच्या सर्व्हरइन्फोमधलं नाव अक्षरशः सारखं पाहिजे, अपलिंकचा पासवर्ड दोन्हीकडे एकच, आणि वरून त्या नावाला यू-लाइन द्यावी लागते, तेव्हाच सर्व्हिसेसला स्वतः चॅनेलचे ऑपरेटर नसतानाही चॅनेलचा मोड (सेटिंग) बदलता येतो. ही यू-लाइन राहिली की जोडणी झालेली दिसते आणि चॅनसर्व्ह काहीच करत नाही, बहुतेक लोक इथंच डोकं धरून बसतात.

मामातलाव :
म्हणजे आममुखत्यारपत्र. मालकाच्या गैरहजेरीत त्याच्या वतीनं सही करायचा अधिकार. हा शब्द तरी वऱ्हाडात आहे ना?

पऱ्हाटी :
हाव ना, शेतीच्या भानगडीत आममुखत्यारपत्र सगळ्याईले मालूम हाय :) घेतला. आता खरा वांधा चॅनेलच्या फाउंडर अन् सक्सेसरचा. फाउंडरले "संस्थापक" लिहिलं, बरोबर ना?

मास्तरीणबाई :
चूक. संस्थापक म्हणजे ज्यानं स्थापन केलं तो, तो कायमच संस्थापक राहतो, मेल्यावरही फोटो भिंतीवर असतो. पण चॅनसर्व्हमध्ये फाउंडर बदलता येतो, आज तुम्ही उद्या मी. ज्याच्या नावावर आहे तो, म्हणजे मालक. तसंही आमच्याकडे संस्थापक म्हटलं की शाळेचे संस्थाचालक आठवतात आणि मग पगार आठवतो.

मामातलाव :
आणि सक्सेसर म्हणजे वारस.

मास्तरीणबाई :
वारस जन्मानं ठरतो ना? सक्सेसर तर मालक स्वतः निवडतो. नॉमिनी म्हणा, बँकेत, एलआयसीत सगळ्यांनी भरलंय.

पोर्ट6667 :
नॉमिनी अजिबात नको. बँकेत नॉमिनीला पैसे मिळतात पण तो मालक होत नाही, वारसांचा हक्क तसाच राहतो, घरोघरी त्यावरून भांडणं झालीत. इथं उलट आहे, मालकाच्या निकची मुदत संपली किंवा त्यानं नोंद काढून टाकली की सक्सेसर सरळ मालक होतो, त्याच्यावर कोणाचा दावा नाही. सक्सेसर ठेवलाच नसेल तर अॅक्सेस लिस्टमधला (चॅनेलवर अधिकार दिलेल्यांच्या यादीतला) सगळ्यात वरच्या अधिकाराचा माणूस मालक होतो, आणि लिस्ट रिकामी असेल तर चॅनेलची नोंदच जाते.

मामातलाव :
फेरफाराची नोटीस नाही, हरकतीची मुदत नाही, तलाठ्याकडं चकरा नाहीत. असं शेतीचं झालं असतं तर!

पऱ्हाटी :
मंग "उत्तराधिकारी"?

मास्तरीणबाई :
तो मठाच्या गादीवर बसतो.

पऱ्हाटी :
बरं मंग साधंच लिहितो, "मालक" अन् "नंतरचा मालक". कोनाले आवडो नाही आवडो, वाचल्यावर समजते तं सही. अन् ऑपरेटर तसाच ठेवला असता पन ग्रामपंचायतीत ऑपरेटर म्हंजे दाखले काढून देनारा पोरगा, म्हनून चॅनेलच्या ऑपरेटरले "ॲडमिन" करून टाकलं, व्हाट्सॲपनं तो शब्द सगळ्याईच्या तोंडी बसवला हाय. सर्व्हरचा ऑपरेटर वेगळा, त्याले काय म्हनावं ते कोनी सांगा, तोपर्यंत ती ओळ कोरी ठेवतो.

मामातलाव :
मालगुजार!

पऱ्हाटी :
तुमचं मत नाही मोजत भाऊ.