घरच्या आर्केड कॅबिनेटला पडदा म्हणून एलईडी पाटी: आपले मत काय?

डिचोलीकर:
म्हापशाच्या बाजारात दुकानांवर लाल अक्षरे सरकवणाऱ्या ज्या एलईडी पाट्या दिसतात, तशीच चार मॉड्यूलांची (दिव्यांचे ठिपके बसवलेल्या चार जोडतुकड्यांची) एक पाटी, बंद झालेल्या दुकानावरून उतरवलेली, माझ्या हाती आली आहे. घरी प्लायवूडचे आर्केड कॅबिनेट, म्हणजे व्हिडिओ गेमच्या दुकानांत असते तशी उभी पेटी, तयार आहे, जॉयस्टिक आणि बटणेही बसली आहेत. जुना मॉनिटर लावण्यापेक्षा ही पाटीच पडदा म्हणून वापरावी, असे माझे ठाम मत आहे. जुन्या खेळांचे रूप ठिपक्यांनीच घडलेले असते, मग ते गुळगुळीत पडद्यावर कशाला पाहायचे?

मडगावकर:
डिचोलीकरबाब, आधी हिशेब मांडून पाहावा. आपली पाटी पी10 मॉड्यूलांची असावी, म्हणजे दोन ठिपक्यांमध्ये 10 मिलिमीटर अंतर आणि 32 गुणिले 16 ठिपक्यांचे एक मॉड्यूल. 1980 सालचा पॅक-मॅन, म्हणजे चक्रव्यूहात भुतांना चुकवत ठिपके खायचा खेळ, उभ्या पडद्यावर 224 गुणिले 288 ठिपक्यांत आखलेला आहे. तो या मापाने जसाच्या तसा दाखवायचा झाल्यास पडदा सव्वादोन मीटर रुंद आणि जवळजवळ तीन मीटर उंच होईल, म्हणजे कॅबिनेट दूरच, तो दारातूनही आत येणार नाही. पी3 जातीची 64 गुणिले 64 ठिपक्यांची रंगीत पॅनेल घेतली तरी 20 लागतील, आणि सगळे दिवे एकदम पांढरे पेटले तर प्रत्येकाला 5 व्होल्टवर सुमारे 4 अँपिअर पुरवावे लागतील. शिवाय आपली पाटी एकरंगी आहे. त्या खेळातली चार भुते रंगावरूनच ओळखायची असतात. ती चारही लाल झाली, तर कोणाला चुकवायचे ते कसे कळणार?

आणखी एक अडचण आहे. अशा पाटीतले कंट्रोल कार्ड आधी भरून ठेवलेला मजकूरच फिरवते, चालू खेळाचे चित्र ते घेणार नाही.

फोंडेकर:
कार्डाची अडचण मला मोठी वाटत नाही. ते काढून मॉड्यूल थेट मायक्रोकंट्रोलरने (एका चिपवरच्या छोट्या संगणकाने) चालवता येतात. मी तसे केले आहे. मात्र पॅक-मॅनचे मोजमाप लावून पाटी मोडीत काढणे मला मान्य नाही. पडते ठोकळे रचायच्या टेट्रिस या खेळाची चौकट 10 रकाने आणि 20 ओळींची असते. एकच मॉड्यूल उभे केले की 16 गुणिले 32 ठिपके मिळतात, म्हणजे चौकट, तिच्या कडा आणि वर गुणसंख्या, सगळे नीट मावते. पिनबॉल यंत्रांवर तर 128 गुणिले 32 ठिपक्यांचा एकरंगी पडदा वर्षानुवर्षे नांदला, आणि आपली चार मॉड्यूल ओळीने लावल्यास त्याची निम्मी उंची सहज भरते. प्रकाश मात्र कमी करावाच लागेल. ही मॉड्यूल उन्हात दिसण्यासाठी बनवलेली असतात, खोलीत दोन हातांवरून डोळे दिपतात. पुढे धुरकट अ‍ॅक्रिलिकची काच बसवावी.

मडगावकर:
टेट्रिसपुरते मान्य. पण एका खेळासाठी एवढे मोठे कॅबिनेट?

डिचोलीकर:
भुतांच्या रंगांचे बोलणे मला पटले, पडद्याच्या उंचीचेही. म्हणून एक मॉड्यूल उभे करून टेट्रिस आणि सापाचा खेळ यांनाच देतो. उरलेली तीन कॅबिनेटच्या कपाळावर, जिथे पूर्वी छापील काचेमागे ट्यूबलाइट असे, तिथे खेळाचे नाव फिरवतील. मॉनिटर तरीही लावणार नाही.

फोंडेकर:
मग मागची रिबन केबल आणि तिच्या पिना जुलैआधी झाकून घ्या. माझ्या पहिल्या मॉड्यूलच्या पिना एकाच पावसाळ्यात हिरव्या पडल्या होत्या.