ग्राफिक्स कार्ड बदलल्यापासून सर्व्हर अधूनमधून रीबूट होतोय

रामबाग_इंदूर:
नमस्कार मंडळी. माझे आजोबा होळकर संस्थानच्या खजिन्यात कारकून होते. त्यांच्या हातची मोडी बाडं, दोन ट्रंका भरून, आमच्याकडे आहेत. ती घरात आता कुणालाच वाचता येत नाहीत, म्हणून संगणकाला मोडी शिकवण्याची खटपट दोन वर्षं चालली आहे. त्यासाठी उबंटूवर (लिनक्सवर) चालणारा एक टॉवर संगणक मागच्या खोलीत रात्रंदिवस चालू असतो.

मागच्या महिन्यात सिल्व्हर मॉलमधून २४ जीबीचं वापरलेलं ग्राफिक्स कार्ड आणलं. त्याच दिवशी रॅमही ३२ ची ६४ केली. तेव्हापासून दिवसातून दोन-तीनदा मशीन आपोआप रीबूट होतं. पंखे थांबत नाहीत, एकदम बायोसचा, म्हणजे मशीन सुरू होतानाचा, पडदा येतो. मागच्या बूटचा लॉग (नोंदी) जर्नलसीटीएल या आज्ञेने काढला तर काहीच नाही. साधी रोजची ओळ, आणि पुढे कोरं.

मेमटेस्ट, म्हणजे रॅमची तपासणी, रात्रभर लावला, चार फेऱ्या, एकही चूक नाही. नुसत्या प्रोसेसरवर तीन तास पूर्ण भार टाकला, हललं नाही. यूपीएस काढून थेट भिंतीच्या सॉकेटवर चालवलं, तरी रीबूट. कार्डचं तापमान ७१ अंशांच्या वर जात नाही. मशीनला वीज पुरवणारा सप्लाय ५५० वॅटचा आहे. कार्ड ३५०, प्रोसेसर १०५, बाकीचं ५० धरा, म्हणजे ५०५. बसतंय ना हिशेबात? मग चुकतंय कुठे? परवा अकरा तासांचं शिक्षण वाया गेलं, रडू आलं अक्षरशः.

दांडियाबाजार_बडोदा:
ताई, दोन वस्तू एकाच दिवशी बदलल्या इथेच गुंता झाला. आधी नवी रॅम काढा आणि एक्सएमपी (रॅम वाढीव वेगाने चालवणारं सेटिंग) बंद करा. चार कांड्या भरल्यावर त्या वेगाला बरेच बोर्ड टिकत नाहीत. मेमटेस्ट चालू असताना कार्ड स्वस्थ बसलेलं असतं, त्यामुळे ती परीक्षा अर्धीच. आणखी एक: कर्नल.पॅनिक या सेटिंगची किंमत बघा. ती शून्य असेल तर पॅनिक झाल्यावर, म्हणजे कर्नल (प्रणालीचा गाभा) कोसळल्यावर, मशीन जागीच अडकून बसतं, स्वतःहून उठत नाही.

रामबाग_इंदूर:
शून्यच आहे. रॅम काढली, एक्सएमपी बंद केलं. आज दुपारी पुन्हा रीबूट. एक गोष्ट आता लक्षात आली: बहुतेक वेळा शिक्षणाची नवी फेरी सुरू होते त्याच क्षणी होतं. अधेमधे नाही.

लष्कर_ग्वाल्हेर:
मग रोग वीजपुरवठ्यात आहे. तुमची बेरीज सरासरीची झाली. असं कार्ड रिकामं बसलेलं असताना एकदम कामाला लागलं की काही मिलिसेकंदांपुरतं ३५० च्या खूप वर उडी मारतं. त्या झटक्यात १२ व्होल्ट खाली दबतात, सप्लाय ‘पॉवर गुड’चा (वीज ठीक असल्याचा) संकेत मागे घेतो आणि बोर्ड स्वतःला रीसेट करतो. लॉग लिहायला सवडच मिळत नाही. सप्लायचं संरक्षण पूर्ण ट्रिप झालं असतं तर मशीन बहुधा बंदच पडलं असतं, मागचा खटका खालीवर केल्याशिवाय उठलं नसतं. याच झटक्यांसाठी सप्लायसाठीच्या २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद सोसण्याची अट घातली आहे. जुन्या सप्लायकडून ती अपेक्षा नको.

पैसे खर्च करण्याआधी फुकटची परीक्षा करा: एनव्हिडिया-एसएमआय या आज्ञेला -पीएल २२० देऊन कार्डची वीजमर्यादा २२० वॅटवर उतरवा. आणि झाकण उघडून पाहा, कार्डच्या दोन्ही आठ-पिनी जोडांना वेगवेगळ्या केबल आहेत की एकाच केबलची दोन तोंडं लावली आहेत? एक आठ-पिनी जोड १५० वॅटचा, स्लॉट ७५ चा. एकाच केबलवरून ३०० च्या आसपास ओढत असाल तर तीही दमते.

रामबाग_इंदूर:
एकच केबल होती, दोन तोंडांची! दुसरी सप्लायच्या डब्यात नुसतीच पडून होती.

आधी केबल तशीच ठेवून मर्यादा २२० केली: २६ तास, एकही रीबूट नाही, वेग थोडाच कमी झाला. मग दोन वेगळ्या केबल लावून मर्यादा परत ३५० वर नेली. सहा तास नीट गेले, आणि सातव्यात रीबूट. म्हणजे नुसती केबल बदलून भागलं नाही, सप्लायच अपुरा. ८५० वॅटचा एटीएक्स ३.० वाला मागवला आहे, तोवर २२० वरच चालवते. दर अर्ध्या तासाला चेकपॉइंटही (तोवरचं शिक्षण जपून ठेवणारी फाइल) लिहायला लावला. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

दादा, तुमचे उपकार आहेत.

रामबाग_इंदूर:
नवा सप्लाय बसून पाच दिवस झाले. कार्ड पूर्ण ३५० वर, एकही रीबूट नाही. रॅम कालच परत बसवली, एक्सएमपी मात्र बंदच ठेवलंय. काल रात्री पहिल्यांदा एक अख्खं पान सलग वाचून निघालं. तेलातुपाचा हिशेब आहे, आणि खाली आजोबांची सही.