मदत हवी: इंजिन बसलं, गिअरबॉक्स बसला, शाफ्ट बसत नाही

गावाकडचा_गडी
इंजिन अन् गिअरबॉक्स दोन्ही बसवले. माउंटिंग मिस्त्रीनं वेल्डिंग करून दिले, गिअरच्या लिव्हरसाठी फ्लोअर कापला. आता प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत फिरणारा दांडा) लांब पडून राहिला. मिस्त्री म्हणते कापून जोडतो, पण त्यानं आजवर ट्रॅक्टरचंच काम केलं. किती कापायचा? महालक्ष्म्यांच्या आधी गाडी रस्त्यावर पाहिजे. लवकर सांगा.

काटोलचा_संत्रावाला
भाऊ, गाडी कोणती?

गावाकडचा_गडी
अ‍ॅम्बेसेडर.

लेथवाला_पुसद
साल? जुनं इंजिन कोणतं, नवं कोणतं? पेट्रोल का डिझेल?

गावाकडचा_गडी
१९८४ची. जुनं १४८९ सीसी पेट्रोल, स्टिअरिंगवर गिअर होते. नवं इसुझू १८०० पेट्रोल, पाच गिअरचं. वडिलांची गाडी आहे, विकायची नाही, म्हणून तर एवढं करून राहिलो.

लेथवाला_पुसद
मग काय अवघड आहे? १८०० आयएसझेड अ‍ॅम्बेसेडरमध्ये कंपनीनंच हे इंजिन पाच गिअरच्या बॉक्ससोबत दिलं होतं. त्याच गाडीचा शाफ्ट अन् गिअरबॉक्सखालचा क्रॉसमेंबर (आडवा आधार) आणा. इंजिन जिथून घेतलं तिथंच विचारा.

जुनं_लोखंड
मूळ इंजिन काऊन काढलं पण? बोअर करून पिस्टन-रिंग टाकले असते, क्रँक ग्राइंड केला असता, झालं काम. माझी १९७८ची अजून त्याच इंजिनवर चालते. गावातला कोणताही मिस्त्री ते डोळे झाकून खोलते. इसुझूचा एखादा पार्ट गेला तर नागपूरपर्यंत हिंडा.

तूरडाळ_यवतमाळ
घ्यायचंच होतं तर इसुझूचं दोन लिटर डिझेल घ्यायचं. शेतावर जाणाऱ्या माणसानं पेट्रोल पाजायचं का गाडीला? आमच्याकडे डिझेलची होती, पाच जण अन् मागं खताच्या थैल्या घेऊन सहज चालायची.

जुनं_लोखंड
डिझेलचं वजन पुढच्या टॉर्शन बारवर (स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळईवर) येते, ते कोण सांगणार? नाक खाली घेऊन चालते मग गाडी.

तूरडाळ_यवतमाळ
कंपनीनं दिलं होतं ना डिझेल? मग त्यांनी काय विचार न करता दिलं का? टॉर्शन बार ॲडजस्ट होतात, दादा.

गावाकडचा_गडी
शाफ्टचं सांगा ना कोणी. इंजिन कबाड्याकडून घेतलं. त्याच्याकडे शाफ्ट नव्हता, गिअरबॉक्ससोबत फक्त पुढचा योक (शाफ्टचं गिअरबॉक्सात सरकणारं टोक) आला. अन् ती अ‍ॅम्बेसेडर नव्हती, कॉन्टेसा होती.

लेथवाला_पुसद
हे पहिलेच सांगाचं ना भाऊ! माझा वरचा सल्ला सोडा. कॉन्टेसाचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) मोठा, त्यामुळे तिचा शाफ्ट सापडला असता तरी सरळ बसला नसता. आता असं करा. पुढचा योक गिअरबॉक्ससोबत आला तोच ठेवा, मागचा फ्लँज (बोल्टनं जोडायची चकती) तुमच्या जुन्या शाफ्टचा, म्हणजे डिफरन्शियलला (मागच्या ॲक्सलच्या गिअरच्या डब्याला) बरोबर बसेल. पुढच्या योकमध्ये जुन्या शाफ्टचा क्रॉस (जोडाचा अधिकच्या चिन्हासारखा तुकडा) बसतो का ते मात्र पाहून घ्या, नाही बसला तर पुढचं टोक वेगळं जोडावं लागेल.

माप गाडी जॅकवर असताना घेऊ नका. जॅकवर मागचा ॲक्सल पाट्यांवर (स्प्रिंगवर) लोंबकळतो अन् माप चुकते. चारही चाकं जमिनीवर पाहिजेत, मागच्या सीटवर दोन माणसं बसवा. योक गिअरबॉक्सात पूर्ण आत ढकला, मग इंचभर बाहेर ओढा, तिथून मागच्या फ्लँजपर्यंत मोजा. तो इंच ठेवलाच पाहिजे. खड्ड्यात ॲक्सल हलला की शाफ्टला आत-बाहेर जायला जागा लागते, नाहीतर गिअरबॉक्सचं मागचं बेअरिंग जाते.

जोडताना दोन्ही टोकांचे योक एका रेषेत पाहिजेत. लेथवर डायल (वाकडेपणा मोजायचं घड्याळ) लावून सरळ करा, मगच वेल्डिंग. त्यानंतर बॅलन्सिंग (शाफ्ट फिरताना थरथरू नये म्हणून वजन सारखं करणं) करायचंच. अन् माउंटिंग घरी वेल्ड केले म्हणता, तर गिअरबॉक्सचा शाफ्ट अन् डिफरन्शियलचा पिनियन (शाफ्ट ज्याला जोडतो तो गिअर) समांतर आहेत का ते तपासलं का? तो कोन बिघडला असेल तर शाफ्ट कितीही चांगला करा, स्पीडला गाडी थरथरतेच.

गावाकडचा_गडी
कोन नाही तपासला. उद्या मिस्त्रीला सांगतो. बॅलन्सिंग यवतमाळात होते का?

काटोलचा_संत्रावाला
रेडिएटर जुनाच ठेवला का? मे महिन्यात आपल्याकडे पंचेचाळीसच्या वर जाते. १८०० ला जुनं रेडिएटर पुरणार नाही. मोठा कोर टाकून घ्या.

वर्ध्याचा_वकील
शाफ्टच्या आधी कागद पाहा. इंजिन बदलायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते. परवानगीशिवाय बदललं असेल तर चौदा दिवसांत आरसीसह कळवावं लागते. कबाड्याची पावती आहे का? इंजिन नंबर जुळला नाही तर अपघाताच्या वेळी विमा कंपनी हात वर करते.

पांढरकवडा_पोट्टा
व्हिंटेजमध्ये (जुन्या, जपलेल्या गाड्यांत) नोंदवून टाका, व्हीए मालिकेतला नंबर भेटते.

वर्ध्याचा_वकील
२०२१चा तो नियम पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला आहे, अन् इंजिन-बॉडीत मोठा बदल झालेला चालत नाही. ही १९८४ची. शिवाय तशी गाडी रोज चालवता येत नाही.

संत्र्याचा_बाग
उन्हासाठी टपाला पांढरा रंग मारा, आत लय फरक पडते.

गावाकडचा_गडी
पावती आहे, पण त्यावर इंजिन नंबर नाही. कबाड्याकडून लिहून घेतो. बॅलन्सिंगचं कोणी सांगा बरं, अमरावतीला जाऊ का नागपूरला?

लेथवाला_पुसद
बॅलन्सिंग मशीन असेल तिथंच जा, आधी फोन करून विचारा. ट्रकचे शाफ्ट करणाऱ्यांकडे असते. पण कोन पाहिल्याशिवाय निघू नका.

जुनं_लोखंड
ते जुनं इंजिन अन् स्टिअरिंगवरचा गिअरबॉक्स कबाडात देऊ नका. मला पाहिजे, किंमत सांगा.