सव्वा महिन्याच्या आतील बाळाची कावीळ उतरत नाही, शी पांढुरकी होते, थांबावे का?

बाळाचा मामा, सिन्नर

माझी भाची आज ३३ दिवसांची आहे. बहिणीचे दिवस पूर्ण भरले होते आणि जन्मतः बाळाचे वजन २.८ किलो होते. तिसऱ्या दिवशी आलेली कावीळ अजूनही डोळ्यांत दिसते. कोवळे ऊन देऊन झाले. अलीकडे तिची शी भिजवलेल्या मैद्यासारखी फिकट होते आणि लघवीचे गडद पिवळे डाग दुपट्यावर राहतात. बाळ अंगावर व्यवस्थित पिते, वजनही वाढते आहे. त्यामुळे सव्वा महिना होईपर्यंत बाळ-बाळंतिणीला घराबाहेर काढू नये, असे घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे. शेजारच्या आजींनी काविळीची माळ सुचवली आहे. नाशिकमध्ये नेमक्या कोणत्या तपासण्या कराव्यात, की थेट मुंबई गाठावी?

लहान मुलांचे सर्जन, नाशिक

कृपया सव्वा महिन्याची वाट पाहू नका. उद्या सकाळीच रक्तातले एकूण आणि डायरेक्ट (यकृताने पित्तात सोडण्यासाठी तयार केलेले) असे दोन्ही बिलिरुबिन, म्हणजे काविळीचे पिवळे द्रव्य, तपासून घ्या. नुसत्या एकूण आकड्यावरून काहीच ठरत नाही. अंगावरच्या दुधामुळे लांबणाऱ्या काविळीत डायरेक्ट बिलिरुबिन वाढत नाही, शी पिवळीच राहते आणि लघवीचा डाग पडत नाही. तुमच्या वर्णनात नेमके याच्या उलट आहे. डायरेक्ट बिलिरुबिन १ मिलिग्रॅमच्या वर असेल, तर पित्त आतड्यात का उतरत नाही याचा शोध त्याच आठवड्यात लागला पाहिजे.

याची कारणे अनेक असतात. यकृताचा दाह, थायरॉईडची कमतरता किंवा काही चयापचयाचे आजार यांवर औषधोपचार करतात. मात्र ज्याची मला सर्वाधिक काळजी वाटते तो आजार म्हणजे बिलिअरी अट्रेझिया. साधारण १० ते २० हजार बाळांमागे एखाद्याला होणाऱ्या या आजारात यकृताबाहेरच्या पित्तनलिका आकसून बंद होतात, पित्त यकृतातच साचते आणि काही आठवड्यांतच यकृत कडक होऊ लागते. आईच्या खाण्यापिण्याशी याचा संबंध नाही, हे बहिणीला आवर्जून सांगा. सुरुवातीला बाळ गुटगुटीत दिसते, आणि याच कारणाने निदान लांबते.

जपानचे मोरिओ कासाई यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेली शस्त्रक्रिया आजही हाच पहिला उपचार आहे. बंद नलिका काढून आतड्याचा एक भाग यकृताच्या दाराशी जोडतात, म्हणजे आतल्या बारीक नलिकांतून पित्त वाहू शकते. बाळ ६० दिवसांचे होण्याच्या आत ती झाली, तर यशाची शक्यता अधिक असते. तैवानमध्ये २००४ पासून प्रत्येक नवजात बाळाच्या पालकांना शीच्या रंगांचे कार्ड दिले जाते. आपल्याकडेही प्रत्येक प्रसूतिगृहात ते असावे, असे मला मनापासून वाटते.

रक्ततपासणी आणि बाळाला ३-४ तास उपाशी ठेवून केलेली पोटाची सोनोग्राफी नाशिकमध्ये सहज होईल. पित्ताशय अगदी लहान असणे किंवा दिसतच नसणे हा महत्त्वाचा संकेत आहे. माळ घातल्याने पित्तनलिका उघडत नाही. ऊनही या काविळीवर उपाय नाही.

एक आई, दिंडोरी

माझ्या मुलाची हीच शस्त्रक्रिया परळच्या वाडिया रुग्णालयात झाली. आता तो शाळेत जातो. रेशनकार्ड, आधार आणि जन्माची कागदपत्रे सोबत ठेवा आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेविषयी रुग्णालयातील आरोग्यमित्रांना पहिल्याच दिवशी विचारा. शस्त्रक्रियेनंतरचा काळजीचा काळ मोठा असतो. जरा ताप आला किंवा शी पुन्हा फिकट झाली, तर पित्तमार्गात जंतुसंसर्ग झाला असे समजून आम्ही रात्रीसुद्धा दवाखान्यात जात असू. अ, ड, ई आणि के जीवनसत्त्वांचे थेंब एकही दिवस चुकवले नाहीत. काही मुलांना पुढे यकृत प्रत्यारोपण लागते, हे डॉक्टरांनी आम्हाला आधीच समजावले होते, आणि ते आधी कळलेले बरे असते.

परिचारिका, पंचवटी

आधी हायडा स्कॅन (पित्त आतड्यात उतरते का ते दाखवणारी किरणोत्सारी द्रव्याची तपासणी) करून मग मुंबईला जाणे योग्य ठरणार नाही का?

लहान मुलांचे सर्जन, नाशिक

ताई, त्या स्कॅनआधी अनेकदा पाच दिवस फिनोबार्बिटोन हे औषध द्यावे लागते आणि त्याचा निकालही निर्णायक नसतो. स्कॅनसाठी टोचलेले द्रव्य आतड्यात उतरल्याचे दिसले तर हा आजार नाही असे म्हणता येते, पण न उतरल्यास यकृताचा दाहही असू शकतो. शेवटचे निदान शस्त्रक्रियेच्या टेबलावर पित्तमार्गात रंगद्रव्य सोडून काढलेल्या एक्स-रेनेच होते. तेव्हा स्कॅन करायचा की नाही, ते शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकाला ठरवू द्यावे.

बाळाचा मामा, सिन्नर

अहवाल आले. एकूण बिलिरुबिन ९.४, डायरेक्ट ६.८. सोनोग्राफीत पित्ताशय दिसले नाही. घरच्यांना आपले उत्तर वाचून दाखवल्यावर आजोबाच म्हणाले, गाडी सांगा. पहाटे निघतो आहोत. वाटेत काय जपावे?

लहान मुलांचे सर्जन, नाशिक

निघण्यापूर्वी आज रात्रीच बालरोगतज्ज्ञांकडून रक्त गोठण्याची तपासणी आणि व्हिटॅमिन केचे इंजेक्शन करून घ्या. पित्ताअभावी ते जीवनसत्त्व शोषले जात नाही आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. अंगावरचे दूध सुरूच ठेवा. सोनोग्राफीच्या फिल्म आणि शीचा दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो सोबत असू द्या. तिथल्या सर्जनसाठी चिठ्ठी देतो, ती निघताना घेऊन जा.