१२ जानेवारीचा दिनविशेष: जिजाऊ आणि विवेकानंद यांची तारीख एक, पण दिवस एक का?

खडूफळा:
शाळेच्या फलकासाठी वर्षभराच्या दिनविशेषाचा तक्ता करतोय. १२ जानेवारीला गाडी अडली आहे. राजमाता जिजाऊंचा जन्म सगळीकडे १२ जानेवारी १५९८ असा मिळतो, पण तारखा बदलून देणारी एक साइट २२ जानेवारी म्हणते आणि भिंतीवरची दिनदर्शिका पौष पौर्णिमेला जयंती दाखवते. मला वारही द्यायचा आहे. संगणक सोमवार सांगतो, पुस्तकात गुरुवार आहे. शिवाय २०१० चा हैतीचा भूकंप एका यादीत १२ ला आहे, दुसरीत १३ ला. यातलं काय धरायचं? जिजाऊ आणि विवेकानंद 'एकाच दिवशी जन्मले' असं लिहिलं तर चालेल का?

जंत्रीदार:
तुम्हाला मिळालेल्या तिन्ही तारखा बरोबर आहेत, फक्त प्रत्येकीची कालगणना वेगळी आहे.

मूळ नोंद तिथीची: पौष पौर्णिमा, शके १५१९. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. म्हणून १५१९ + ७९ = १५९८. (पौष कधीकधी डिसेंबरातच लागतो, तिथे ७८ की ७९ हे तपासूनच ठरवा.) अभ्यासकांनी तिथीची इंग्रजी तारीख काढली ती ज्युलियन पद्धतीने (युरोपातली जुनी कालगणना), म्हणजे १२ जानेवारी. आपण आज वापरतो त्या ग्रेगोरियन पद्धतीत तोच दिवस २२ जानेवारी होतो.

आता वार. ग्रेगोरियन सुधारणेत तारखा गाळल्या, वारांची साखळी तुटू दिली नाही. १५८२ मध्ये गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर शुक्रवार १५ ऑक्टोबर आला. इंग्लंडने १७५२ मध्ये तेच केलं, बुधवार २ सप्टेंबरनंतर थेट गुरुवार १४ सप्टेंबर. त्यामुळे वार हीच सर्वात भरवशाची कसोटी. बहुतेक संगणकी साधनं मागचा सगळा काळ ग्रेगोरियन समजूनच वार काढतात. त्यांना १२ जानेवारी १५९८ दिलीत की सोमवार येतो, २२ दिलीत की गुरुवार. पौर्णिमाही २२ लाच बसते.

किती दिवस मिळवायचे ते काळावर आहे. ज्युलियन २८ फेब्रुवारी १७०० पर्यंत १० दिवस, त्यानंतर ११. शिवजन्म १९ फेब्रुवारी १६३०, फाल्गुन वद्य ३, शके १५५१: ग्रेगोरियन १ मार्च, शुक्रवार. थोरल्या बाजीरावांचा मृत्यू २८ एप्रिल १७४०, वैशाख शुद्ध १३: इथे ११ मिळवून ९ मे. १४ सप्टेंबर १७५२ पासून मराठी इतिहासलेखनातल्या तारखा ग्रेगोरियनच असतात, त्यामुळे पानिपतच्या १४ जानेवारी १७६१ मध्ये काहीच मिळवायचं नाही. सर्वात जास्त चुका या १७५२ च्या उंबरठ्यावर होतात. कोणी पानिपतलाही ११ मिळवतो, कोणी बाजीरावांना विसरतो.

शाईदौत:
विवेकानंदांची तारीख १२ जानेवारी १८६३, सोमवार. ती ग्रेगोरियनच आहे, तिला हात लावू नका. तिथी पौष वद्य ७, आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती. आज संक्रांत १४-१५ जानेवारीला येते म्हणून हे वाचून लोक चूक समजतात, पण निरयन (ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेली) संक्रांत साधारण ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकते. (याच हिशेबाने पानिपतची लढाई ऐन संक्रांतीच्या दिवशी झाली हेही खरं नाही. १७६१ मध्ये संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. 'संक्रांत कोसळली' म्हणायला कोणाची हरकत नाही, दिनविशेषात तेवढं लिहू नका.)

म्हणजे जिजाऊ पौर्णिमेच्या, विवेकानंद वद्य सप्तमीचे. तिथीने एक दिवस नाही आणि ग्रेगोरियन धरलं तरी नाही. जुळतो तो फक्त '१२ जानेवारी' हा छापील शिक्का. तेव्हा 'एकाच दिवशी' न लिहिता '१२ जानेवारीला दोघांची जयंती साजरी होते' असं लिहा. सिंदखेडराजाला गर्दी १२ लाच होते, राष्ट्रीय युवा दिनही १९८५ पासून १२ लाच असतो.

असा फसवा योग जगभर मिरवला जातो. २३ एप्रिल १६१६ ला शेक्सपिअर आणि सर्व्हांटेस दोघे गेले, असं पुस्तक दिनाला हमखास ऐकू येतं. स्पेन तेव्हा ग्रेगोरियनवर होतं, इंग्लंड ज्युलियनवर. शेक्सपिअरचा २३ एप्रिल म्हणजे स्पेनचा ३ मे. सर्व्हांटेस तर २२ ला वारले, २३ ला दफन झालं.

साधाहिशोब:
इतका घोळ कशाला? सगळं ग्रेगोरियन करून टाका, एकच नियम.

जंत्रीदार:
गणितासाठी ठीक, फलकासाठी नाही. मग शिवजयंती १ मार्चला आणि राज्याभिषेक १६ जूनला लिहावा लागेल. शासनाची सुट्टी १९ फेब्रुवारीला, रायगडावरचा सोहळा ६ जूनला आणि तुमचा फलक तिसरंच सांगतोय, असं होईल. रूढ तारीख ठेवा. दोन घटनांमधले दिवस मोजायचे असतील किंवा वार काढायचा असेल तेव्हाच बदला.

तक्तेवाला:
तक्ता एक्सेलमध्ये असेल तर १ जानेवारी १९०० च्या आधीची तारीख तो तारीख म्हणून घेतच नाही, नुसता मजकूर समजतो, आणि क्रम लावला की १५९८ आणि १८६३ भलतीकडे जातात. दिवस, महिना, वर्ष असे तीन वेगळे रकाने करा, तिन्हींत साधे आकडे. चौथा रकाना 'पद्धत': ज्यु., ग्रे. किंवा तिथी. पाचवा मूळ तिथी आणि शक. सहावा वार, तोही हाताने तपासून.

१२/१ असं कधीच टाकू नका. अमेरिकन मांडणीच्या संगणकावर ती १ डिसेंबर होते. महिन्याचा आकडा १२ पर्यंत आणि दिवसही १२ पर्यंत असला की ही चूक नजरेला दिसत नाही. १३ तारखेपासून आपोआप उघडी पडते.

हैतीचं उत्तर सोपं आहे. भूकंप तिथल्या घड्याळात १२ जानेवारीला दुपारी ४ वाजून ५३ मिनिटांनी झाला. आपल्याकडे तेव्हा १३ जानेवारीचे पहाटेचे ३ वाजून २३ मिनिटं झाली होती. घटना जिथे घडली तिथली तारीख धरायची, म्हणजे १२.

त्याच दिवसासाठी आणखी, वादात न अडकणाऱ्या नोंदी: सी. रामचंद्र यांचा जन्म, पुणतांबे, १९१८. सूर्य सेन यांना चितगावात फाशी, १९३४. कुमार गंधर्व यांचं निधन, देवास, १९९२. अमरीश पुरी यांचं निधन, २००५.

शाईदौत:
सतराव्या शतकातल्या नोंदी घेताना अजून दोन खड्डे आहेत. इंग्रजांचं वर्ष १७५२ पूर्वी २५ मार्चला सुरू व्हायचं. सुरतेची पहिली लूट जानेवारी १६६४ ची, पण इंग्रज वखारीच्या कागदावर वर्ष १६६३ दिसेल. १ जानेवारी ते २४ मार्च या पट्ट्यात इंग्रजी कागद असेल तर वर्षावर नेहमी संशय घ्या. दुसरं म्हणजे पोर्तुगालने १५८२ मध्येच नवी पद्धत घेतली. त्यामुळे शिवकाळातलं गोव्याचं पोर्तुगीज पत्र आणि मुंबईचं इंग्रज पत्र एकाच दिवशी लिहिलेलं असलं तरी तारखांत १० दिवसांचा फरक असतो.

तिथीतही एक अडचण आहे. वद्य पक्षात महिन्याचं नाव उत्तरेत पुढचं असतं. विवेकानंदांची पौष वद्य ७ उत्तरेकडच्या पंचांगात माघ कृष्ण ७ होते. शुद्ध पक्षात हा फरक नसतो.

खडूफळा:
सगळ्यांचे आभार, रकाने तसेच केले. मग दिनदर्शिकेतली पौष पौर्णिमा फलकावर घेऊ का? आणि राज्याभिषेकाला ६ जून १६७४ चा वार शनिवार येतोय (१६ जून घालून पाहिला), पण शकावलीत (शकवार घटनांच्या जुन्या नोंदवहीत) शुक्रवार आहे, तिथीही त्रयोदशीऐवजी द्वादशी. इथे कसोटी चुकली का?

जंत्रीदार:
पौर्णिमा वेगळ्या ओळीत घ्या आणि दरवर्षी पंचांगातून भरा. ती २०२४ मध्ये २५ जानेवारीला होती, २०२५ मध्ये १३ ला, २०२६ मध्ये ३ ला. कायमच्या तक्त्यात छापली की पुढच्या वर्षी खोटी ठरते.

राज्याभिषेकाची कसोटी चुकलेली नाही. आपला वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत, इंग्रजी तारीख मध्यरात्रीपासून. जेधे शकावलीत ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार, २१ घटी ३४ पळे आणि तीन घटका रात्र उरली असताना सिंहासनारोहण, अशी नोंद आहे. घटका किंवा घटी म्हणजे २४ मिनिटं (६० पळे), तेव्हा सूर्योदयाला ७२ मिनिटं बाकी होती. इंग्रजी हिशेबाने शनिवार लागून गेला होता, आपल्या हिशेबाने शुक्रवारच चालू होता. घटी-पळे आहेत ती द्वादशी संपण्याची वेळ: सूर्योदयानंतर सुमारे ८ तास ३७ मिनिटं, म्हणजे शुक्रवारी दुपारीच त्रयोदशी लागली. सूर्योदयाची तिथी म्हणून शकावलीत द्वादशी, आणि सोहळ्याच्या क्षणाची म्हणून त्रयोदशी. फलकावर 'ज्येष्ठ शुद्ध १३, ६ जून १६७४, शनिवारी पहाटे' लिहा. 'पहाटे' गाळू नका, नाहीतर शकावली वाचलेला कोणीतरी येऊन वार खोडेल.