'आठ दिवसांनी' म्हणजे नक्की किती?

क्रॉन म्हणजे युनिक्स-लिनक्स संगणकांवर ठरलेल्या वेळी परत परत कामं चालवणारं साधन; त्यात वेळ मिनिट, तास, तारीख, महिना, वार अशा पाच रकान्यांत लिहावी लागते. त्यापेक्षा सरळ वाक्यात वेळ लिहिता येणारी भाषा हवी, असा एक मुद्दा मांडला जातो आणि तो मला पटतो. युनिक्सच्या 'ॲट' या, सांगितलेल्या वेळी काम करणाऱ्या कमांडला हे थोडंफार जमतं: 'नून टुमॉरो' चालतं, 'नाऊ प्लस ३ अवर्स' चालतं, आणि 'टीटाइम' लिहिलंत तर काम संध्याकाळी चारला होतं. (इंग्रजांचा चहा, आपलं काय!) पण ते काम एकदाच होतं. परत परत करायचं असेल की आलं क्रॉन.

तिथे मी आपटलोय. १३ तारीख आणि शुक्रवार एकत्र आले तरच स्क्रिप्ट चालावी म्हणून दोन्ही रकाने भरले, तर ती दर शुक्रवारी चालायला लागली आणि दर १३ तारखेलाही! दोन्ही रकाने भरले की क्रॉन त्यांचा अर्थ 'किंवा' असा लावतं. सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा आणि कामं सांभाळणारी यंत्रणा) हिच्या टायमरमध्ये तेच 'आणि' होतं.

पण वाक्यात लिहून घोळ संपतो असं नाही. उद्या मराठीत अशी भाषा केली तर 'परवा' मागचा की पुढचा हे क्रियापदावरून कळेल एक वेळ. 'आठ दिवसांनी'चं काय? आपण सोमवारी 'आठ दिवसांनी या' म्हणतो तेव्हा पुढचा सोमवार अभिप्रेत असतो; यंत्र मंगळवार धरेल.

म्हणून वाक्य काहीही लिहू द्या, पण पुढच्या चार-पाच तारखा लगेच छापून दाखवा. सिस्टमडीत 'सिस्टमडी-ॲनलाइझ कॅलेंडर' ही कमांड पुढची वेळ दाखवते, तसं.